किनाऱ्यावरच्या वाडीत वाहनबंदीचा प्रयोग: दारोदारी विचारले जाणारे प्रश्न

आमची वाडी मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. रस्ता एकच. दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, आणि समोरून टेम्पो आला की पायी चालणाऱ्याने गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत या रस्त्याचं काय होतं, ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. बाहेरच्या गाड्या काही काळ, ठरावीक वेळात वाडीच्या तोंडाशीच थांबवून पाहाव्यात असा विषय निघाला, तेव्हापासून मी घरोघर जाऊन बोलते आहे. प्रत्येक पडवीत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. दुसऱ्या कुठल्या गावात हाच विषय चालू असेल तर तिथेही उपयोगी पडावीत.

प्रयोग म्हणता, पण एकदा बंद झालेला रस्ता पुन्हा उघडतो का?

हा संशय रास्त आहे आणि तो आमच्याच अनुभवातून आलाय. काही वर्षांपूर्वी एका सकाळी लोक उठले तर वाडीच्या तोंडाशी डांबराची रिकामी पिंपं उभी. कुणी ठरवलं, कधीपर्यंत, कशासाठी, काही कळेना. चौथ्या दिवशी कुणीतरी रात्रीत ती बाजूच्या व्हाळात लोटली आणि विषय तिथेच मेला. रस्त्यावरची गर्दी मात्र होती तशीच राहिली. त्या पिंपांमुळे आजही "बंदी" हा शब्द काढला की माणसं मान फिरवतात.

म्हणून पहिल्या पिंपाच्या आधी तीन गोष्टी कागदावर याव्यात. सुरुवातीची आणि शेवटची तारीख. आपण काय मोजणार आहोत. आणि काय घडलं तर प्रयोग मुदतीआधीच थांबवणार. चौथी गोष्ट मी हट्टाने घालते: शेवटच्या तारखेपर्यंत नवा निर्णय झाला नाही, तर रस्ता आपोआप मोकळा होईल. "पुढील आदेशापर्यंत" हे शब्द ज्या कागदावर असतील त्याला प्रयोग म्हणू नये.

ग्रामसभेने ठराव केला की बंदी लागू होते का?

नाही. ठराव हवाच, पण तेवढ्याने कुणाची गाडी अडवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार एखाद्या भागात किंवा रस्त्यावर वाहनं बंद किंवा मर्यादित करण्याचा अधिकार राज्य सरकारला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३३ खाली वाहतूक नियमनाचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे येतो. म्हणजे गावाचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय आणि मग जिल्हाधिकारी कार्यालय, अशी ही वाट आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर ठराव तिथला, बाकी वाट तीच.

रस्ता कुणाचा हेही आधीच शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आपण ज्याला वाडीचा रस्ता म्हणतो, तो कागदावर पुष्कळदा वेगळाच निघतो.

मग एवढं सगळं करून महिनाभराचा प्रयोग करायचा तरी कसा?

याच कलम ११५ मध्ये एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही. परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. कायद्यानेच प्रयोगाला महिनाभराची जागा करून दिली आहे, असंच मी त्याकडे पाहते.

स्थानिक प्रसिद्धी म्हणजे पंचायतीच्या फळ्यावर कागद चिकटवणं नव्हे. आमच्याकडे दवंडी अजून चालते, ती द्यावी. रेशन दुकान, एसटीचा थांबा, मच्छीमार सोसायटी, देवळाचा मांड, शाळा या ठिकाणी ठळक अक्षरात लावावं. आणि ज्यांच्या घरी वाचणारं कुणी नाही, तिथे जाऊन सांगावं.

महिना कुठला निवडायचा?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो, आणि व्हायलाच हवा. सोपा महिना निवडला की प्रयोग खोटा ठरतो. जूनमध्ये केला तर? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा पावसाळ्यासाठी बंद, पर्यटक नाहीत, हापूस संपलेला. रस्ता मोकळाच असतो. "बघा, काही त्रास झाला नाही" असं म्हणायला तो महिना बरा, पण त्यातून कळणार काहीच नाही.

माझं मत एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. तेव्हा आंब्याच्या पेट्या जाणारी पिकअप असते, मासळीचे टेम्पो असतात, लग्नं असतात, चाकरमानी आलेले असतात आणि पर्यटकही भरपूर. अडचणी तेव्हाच दिसतात. काहींचं म्हणणं, ऐन हंगामात धंद्यावर प्रयोग नको. त्यांच्यासाठी मधला मार्ग असा की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाभर करावा. त्यात साधे दिवसही येतात आणि नाताळची गर्दीही. हेही चालेल. पाऊस मात्र नको.

होमस्टेवाल्यांचं काय? पाहुणा सामान घेऊन चालत येणार का?

आलेला पाहुणा गाडी वाडीबाहेर लावून बॅगा ओढत येणार नाही, हे उघड आहे. म्हणून बुकिंग असलेल्या पाहुण्याची गाडी एकदा आत येईल, सामान उतरेल आणि घरमालकाच्या आवारात जागा असेल तर तिथेच उभी राहील. जागा नसेल तर बाहेर. अडवायची आहे ती फक्त समुद्र बघायला आलेली, वाडीत वळायला जागा न मिळून अर्धा तास रस्ता कोंडणारी गाडी. या दोघांतला फरक सांगितला की निम्मा विरोध मावळतो, असं मी पाहिलंय.

उरलेला निम्मा विरोध खानावळी आणि चहावाल्यांचा. त्यांचं गिऱ्हाईक चालत्या गाडीतून उतरतं. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पुदुच्चेरीत समुद्रकाठचा गूबेर अॅव्हेन्यू रोज संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि लोक तिथे पायी फिरतात. पण तो शहरातला रुंद रस्ता, आमची अरुंद वाडी. तिथलं चाललं म्हणून इथलं चालेलच असं मी कुणाच्या तोंडावर सांगणार नाही. त्यासाठीच धंद्याचं माप घ्यायचं, ते कसं ते पुढे येतं.

मासळीच्या टेम्पोला वेळ ठरवून देणार म्हणे?

आमच्या पहिल्या मसुद्यात ही चूक होती. "मालवाहू वाहनांना सकाळी ७ ते १० प्रवेश" असं आम्ही लिहिलं होतं. शहरात हे शोभतं. एका रापणकर काकांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या काकांनी, कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "रापण घड्याळ बघून येतली काय?"

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला ओढलेली रापण पंधरवड्याने संध्याकाळकडे गेलेली असते. मासळी वाळूत आली की टेम्पो तिथे पोचायला हवा, दहा वाजून गेले म्हणून तो वाडीच्या तोंडाशी उभा राहिला तर बर्फ वितळेल आणि भाव पडेल. म्हणून मासळीच्या गाड्यांना वेळेची अट नाही, ओळखपट्टी आहे. गावातल्या आणि नेहमी येणाऱ्या टेम्पोंचे नंबर सोसायटी लिहून देईल, यादी प्रवेशाच्या ठिकाणी राहील. आंब्याच्या पिकअपचंही तसंच.

लोकांना विचारायचं ते यासाठी. हा मुद्दा आमच्यापैकी शिकलेल्या पाच जणांच्या डोक्यात आला नव्हता.

"माका गुडघ्यांनी चलाक जमणा नाय. रिक्षा दारापर्यंत व्हयी."

हा प्रश्न एका आजींनी विचारला, तसाच ठेवलाय. होय आजी, रिक्षा दारापर्यंत येणार. रिक्षा, एसटी, शाळेची गाडी, अपंग व्यक्तीला नेणारं कुठलंही वाहन आणि रहिवाशांच्या गाड्या, या सगळ्यांना बंदी नाहीच.

माथेरानकडे जरूर पाहावं. तिथे मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे वर्षानुवर्षं चालत, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षात जावं लागे. म्हाताऱ्यांचे आणि शाळकरी पोरांचे हाल होत राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ पासून तीन महिने ई-रिक्षांचा प्रयोग झाला. म्हणजे जुनी बंदी सैल करायलाही प्रयोगच करावा लागला. आपण सुरुवातीपासूनच रिक्षा आत ठेवली तर ती वेळ येणार नाही.

रुग्णवाहिका अडकली तर?

कुलूप लावलेला दांडा, खणलेला चर, सिमेंटचा ठोकळा, यातलं काहीही नको. किल्ली ज्याच्याकडे आहे तो नेमका तेव्हा बाजारात गेलेला असतो. प्रवेशाच्या ठिकाणी माणूस आणि हलवता येतील अशा हलक्या कुंड्या किंवा प्लास्टिकचे शंकू, बस्स. १०८ ची रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, वीज मंडळ यांना कधीही वाट.

खरं सांगायचं तर आज रुग्णवाहिका अडकते ती दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांत. तिला वाट न देणाऱ्याला कायद्यात १०,००० रुपये दंड आहे (कलम १९४-ई), पण समोर गडगा आणि मागे गाडी असलेला माणूस वाट देणार तरी कुठे? प्रयोगाच्या आधी आणि दरम्यान, वाडीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत गाडी पोचायला किती मिनिटं लागतात ते एखाद्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता मोजा. माझ्या दृष्टीने सगळ्या मापांत हे पहिलं. ही वेळ वाढली, तर महिना पुरा व्हायची वाट न बघता प्रयोग बंद करायचा.

तुमच्या वाडीतल्या गाड्या आमच्या वाडीत येणार, त्याचं काय?

येतील. निदान पहिले काही दिवस तर नक्कीच, आणि हे कबूल न करता पुढे गेलेला प्रयोग दोन वाड्यांत कायमचं वैर लावतो. गणपतीत एकमेकांच्या आरतीला जाणारी माणसं आहेत ही.

म्हणून शेजारच्या वाडीला विचारल्याशिवाय सुरुवात नाही. गाड्यांची मोजणी त्यांच्याही रस्त्यावर होईल, त्यांच्याच मुलांकडून, आणि "इतकी वाढ झाली तर थांबवा" हा आकडा त्यांनीच सांगायचा. आम्ही सांगून चालणार नाही.

मोजायचं कसं? आमच्याकडे यंत्रं नाहीत.

यंत्र लागत नाही. हायस्कूलची मुलं, वही आणि पेन्सिल. सकाळी ७ ते संध्याकाळी ७, दर पंधरा मिनिटांचा एक रकाना. मोटार, दुचाकी, रिक्षा, टेम्पो, एसटी वेगवेगळे, आणि पायी व सायकलवरचेही. पायी चालणारे मोजायचे राहून जातात आणि मग अहवालात रस्त्यावर फक्त गाड्याच असतात. एक बुधवार, एक शनिवार, एक रविवार. प्रयोगाआधी एकदा, प्रयोगाच्या दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा, तेच वार, त्याच जागा. पहिला आठवडा मोजू नका, तो गोंधळाचाच असतो.

धंद्याचं माप नाजूक. कुणी आपला गल्ला उघड सांगत नाही, सांगूही नये. प्रत्येक दुकानदाराने आधीच्या महिन्याच्या मानाने "वाढला, तेवढाच, घटला" यावर खूण करून बंद चिठ्ठी पेटीत टाकावी. नाव नको. पेटी सगळ्यांसमोर उघडावी.

आणि एक माप आकड्यात बसत नाही. आमच्या वाडीत संध्याकाळी मुलं रस्त्यावर खेळत असत, त्यांना आता कुणी आंगणाबाहेर सोडत नाही. महिन्यात ती बाहेर आली का, एवढं लिहून ठेवा.

मत कुणाचं धरायचं? चाकरमान्यांना विचारायचं का?

यावर आमच्याकडे तीन बैठका गेल्या.

कायद्याने ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. मुंबईत नाव असलेला चाकरमानी तिथे मत देऊ शकत नाही. पण घर त्याचं आहे, घरपट्टी तो भरतो, आणि मे महिन्यात ठाण्याहून रात्रभर गाडी चालवून आल्यावर "आत जायला पास दाखवा" असं त्याला त्याच्याच वाडीच्या तोंडाशी ऐकायला लागलं तर त्याचं मन दुखणारच. म्हणून त्याला विचारायचं, मुंबईतल्या मंडळामार्फत लेखी मत मागवायचं आणि त्याच्या घराचा पास आधीच घरी ठेवायचा. पण मोजताना त्याचं मत वेगळ्या रकान्यात. बारा महिने या रस्त्यावरून पाण्याची कळशी आणि दप्तर घेऊन जाणाऱ्याचं मत आधी. हे माझं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही.

दुसरी अडचण ग्रामसभेचीच. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे मोजक्या डोक्यांच्या ठरावावर पाचशे माणसांचा रस्ता बदलू शकतो. कायदेशीर असेल, पण त्या ठरावाच्या जोरावर कुणाच्या दारात उभं राहायची माझी तयारी नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते; तिथे हा विषय वेळ देऊन घ्या, कारण पायी चालणाऱ्यांत बायका जास्त आणि माइकवर बोलणाऱ्यांत कमी. भाड्याने राहणारे, बागेत कामाला असलेले नेपाळी गडी, होड्यांवरचे परप्रांतीय खलाशी, यांनाही तोच रस्ता आहे. त्यांच्यापर्यंत जायला हवं.

लोकांचं मत प्रयोगाआधी घ्यायचं की नंतर?

दोन्ही वेळा, पण प्रश्न वेगळे. आधी "बंदी हवी की नको" विचारू नका. ज्याने पाहिलंच नाही त्याला हो-नाही विचारलं की तो शेजारी काय म्हणतो ते बघतो. आधी विचारा: कुठल्या वेळी रस्त्यावर भीती वाटते? गाडी तुम्हाला दिवसात कितीदा आत आणावी लागते? कुठल्या दिवशी बंदी अजिबात चालणार नाही? हो-नाही नंतर.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमने हाच क्रम धरला. शहराच्या मध्यभागात गाडी आणायला शुल्क लावायचं होतं आणि लोक चिडलेले होते. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असा प्रयोग केला, मग तो थांबवला, आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. सात महिने अनुभवल्यावर शहरातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी होकार दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ. प्रयोग थांबवून, जुना रस्ता पुन्हा दाखवून मग विचारलं.

हरकत कशी घ्यायची?

लेखी, तोंडी, किंवा रेशन दुकानातल्या पेटीत. शेवटच्या दिवसापर्यंत. तोंडी हरकत लिहून घेऊन वाचून दाखवायची आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. प्रत्येक हरकत आणि तिच्यापुढे "काय बदललं" किंवा "का बदललं नाही" हे फळ्यावर लागेल, नाव न घालता. ब्रिटनमध्ये प्रायोगिक वाहतूक आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो आणि पहिले सहा महिने हरकतींसाठी असतात. आपला महिनाच आहे, तेव्हा हरकतीला मुदत नको.

त्यापेक्षा चार गतिरोधक टाकले तर?

वेग कमी होईल, कोंडी नाही. आणि रात्रीत खडी-डांबर ओतून केलेला ढीग म्हणजे गतिरोधक नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, पुढे फलक आणि वर पांढरे पट्टे. रिक्षातून गरोदर बाईला नेताना हा फरक कळतो.

पोरं गाड्या अडवणार आणि पैसे मागणार, असं ऐकलं.

नाही. गाडी थांबवण्याचा आणि दंडाचा अधिकार पोलिसांचा. गावची मुलं रस्ता सांगतील, पार्किंग दाखवतील, न ऐकणाऱ्याचा नंबर टिपून पोलिसांना देतील. वाद घालायचा नाही. प्रवेशासाठी कुणी रुपया मागितला तर त्याच दिवशी कळवा.

पार्किंग कुठे?

वाडीबाहेर, जागामालकाच्या लेखी संमतीने. बचत गटाने चालवावं, असं मला वाटतं. शुल्काचा हिशेब महिन्याच्या शेवटी वाचून दाखवता येतो. फक्त माडांखाली नको. वरून नारळ पडून काच फुटली तर पहिल्याच दिवशी भांडण, आणि खाली माणूस असला तर त्याहून वाईट.

लग्न, मयत, जत्रा?

लग्नाला एक दिवसाचा मोकळा पास. मयत झालं की त्या दिवशी बंदी नाही, विचारायलाही यायचं नाही. गणपती, शिमगा, पालखीचे दिवस आधीच वगळलेले. आंगणेवाडीच्या जत्रेला आपण सगळेच गाडी लांब लावून चालत जातो, वाहतूक एकेरी असते आणि कुणाला त्यात अपमान वाटत नाही. देवीसाठी जमतं तसं म्हाताऱ्या माणसांसाठीही जमावं, असं मी म्हणते तेव्हा लोक गप्प होतात.

वाळूत गाड्या घालणाऱ्यांचं काय?

तो वेगळा गुन्हा आहे, प्रयोगाशी त्याचा संबंध नाही. किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. हिवाळ्यात कासवं अंडी घालतात तेव्हा तर चाकाखाली काय जातंय ते दिसतही नाही.

महिना संपल्यावर काय होणार?

कुंड्या उचलल्या जातील. त्यानंतर दोन आठवडे रस्ता पूर्वीसारखा. त्या दोन आठवड्यांत आकडे, हरकती आणि चिठ्ठ्यांचा निकाल फळ्यावर लागेल, शेजारच्या वाडीतही. मग ग्रामसभा. ती ठरवेल: सोडून द्यायचं, फक्त शनिवार-रविवार संध्याकाळपुरतं ठेवायचं, की पुढच्या हंगामासाठी रीतसर अधिसूचना मागायची. गणपूर्ती झाली नाही तर तहकूब सभेत हा विषय घ्यायचा नाही, असं आम्ही आपापसात ठरवलंय. पुन्हा दवंडी देऊ, पुन्हा बोलावू.

आम्हाला आमच्या वाडीत करायचं असेल तर सुरुवात कुठून?

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता वही घेऊन वाडीच्या तोंडाशी बसा. सोबत पाणी आणि टोपी. जो कुणी थांबून "काय मोजता?" विचारेल, त्याचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहा. पहिल्या बैठकीला त्यालाच बोलवा.